दोघांनी ओ दिली

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. बारक्या आजोबांनी आम्हा चौघांना शेकोटीपाशी बसवून ती सांगितली तेव्हाच बजावलं होतं की ऐका आणि इथेच सोडा, पाड्याबाहेर नेऊ नका. गेलेल्या माणसाचं नाव अंधारात उगाच घेऊ नये, आणि ज्या घरचा तो गेला त्या घरच्यांच्या कानावर ते सारखं सारखं जाऊ नये, म्हणून. बोलून सांगायला मला तसंही जमत नाही. त्यामुळे लिहून ठेवते.

आजोबांनी ती लाहूकडून ऐकली. ओहळाकडच्या शेवटच्या घरातला लाहू. आजोबा म्हणाले, तो माणूस बैल हरवला तरी शेजाऱ्याला जास्तीचं सांगत नाही, मग हे कशाला बनवून सांगेल.

सुरुवात अगदी साधी होती. गेल्या डिसेंबरची सोळा तारीख, मंगळवार. अमावस्येला तीन-चार दिवस उरले होते, म्हणजे चंद्र पहाटेशिवाय दिसणार नव्हता. संध्याकाळी सातच्या आधी लाहूने शेजाऱ्याची मोटरसायकल मागून घेतली, पेट्रोल आहे का ते टाकी हलवून बघितलं आणि तलासरीला निघाला. साडेसातच्या बसने त्याचा धाकटा भाऊ मिथुन येणार होता. त्याला घरी आणायचं, एवढंच काम.

फक्त या भावाचं बारावं होऊन दोन महिने झाले होते.

झालं होतं असं. मिथुन आणि आमच्याच पाड्यावरचा धनेश, नवशीकाकीचा एकुलता एक, दोघे गुजरातच्या एका बंदरातून बोटीवर खलाशी म्हणून जायचे. आमच्याकडचे पुष्कळ जण जातात. नारळी पौर्णिमा झाली की जायचं आणि मे महिन्यात परत यायचं. सप्टेंबरच्या शेवटी वादळात त्यांची बोट उलटली. सहाव्या दिवशी एक जण किनाऱ्याला लागला आणि लाहूला फोन आला, ओळख पटवायला या.

लाहू गेला. थंड खोलीत एका माणसाने चादर तोंडावरून खाली ओढली आणि लाहूने तोंड फिरवलं. समुद्रात सहा दिवस राहिलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते गाडीत कुणीतरी त्याला सांगितलं होतं. भिंतीकडे बघूनच तो म्हणाला, हात दाखवा. डाव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता. मिथुनने तसा विंचू महालक्ष्मीच्या जत्रेत काढून घेतला होता आणि घरी येऊन आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. लाहू म्हणाला, आमचाच. सही केली.

प्रेत प्लास्टिकमध्ये बांधून आलं. उघडू नका म्हणून सांगितलेलं. आमच्याकडे शेवटचं तोंड सगळे बघतात, लहान पोरांनासुद्धा उचलून दाखवतात. या वेळी कुणीच बघितलं नाही. तसंच चितेवर ठेवलं. मिथुनच्या नावाने रडले, मिथुनच्या नावाने बारावं घातलं.

आणि चौदा डिसेंबरला दुपारी फोन वाजला. "दादा, मी मिथुन."

लाहूने फोन कापला. कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. पुन्हा वाजला. मिथुन भराभर सांगत होता की तो डिझेलच्या रिकाम्या कॅनला धरून तरंगत राहिला, दुसऱ्या बोटीने उचलला, पाय मोडला होता, डोक्याला मार होता, कुठल्यातरी लांबच्या बंदरातल्या दवाखान्यात अडीच महिने पडून होता. सगळे नंबर बुडालेल्या फोनमध्ये. लाहूने एकच विचारलं, तुझ्या हातावरच्या विंचवासारखा आणखी कुणाच्या हातावर आहे का. मिथुन हसला. म्हणाला, धनेशच्या आहे की. एकाच रात्री काढले आम्ही.

लाहू होता तिथेच खाली बसला.

जाळला तो कोण, ते त्याला कळलं. पण ते जाऊन नवशीकाकीला कसं सांगायचं. ती रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, सोनीबाईचा सापडला, गेला. माझा सापडला नाही, म्हणजे आहे. तिला सांगायचं तर हेही सांगावं लागणार की मी तुझ्या पोराचं तोंड बघितलंच नाही. दोन दिवस लाहू गप्प राहिला.

घरात वेगळाच घोळ. सोनीबाई म्हणजे लाहूची आई. ती रडली नाही की हसली नाही. म्हणाली, एकदा न बघता रडले, आता तोंड बघितल्याशिवाय कुणाला लेक म्हणणार नाही. मग हाल्या भगताला बोलावलं. त्याने बराच वेळ तांदूळ चाळवले आणि लाहूला बाजूला घेऊन सांगितलं.

"नाव चितेवर गेलंय. ज्याच्याबरोबर गेलं त्याच्याकडे ते आहे. वाटेत भावाला नावाने हाक मारू नको, तो पण ओ देईल. घरी आल्यावर आईने दाराबाहेर दिवा धरून तोंड बघायचं आणि नाव घ्यायचं. ज्याचं तोंड बघून घेतलं तो घरचा. दुसरा बाहेरचा. ते मग कुणाला फिरवता येत नाही, मलापण नाही."

हे डोक्यात घेऊन लाहू तलासरीच्या नाक्यावर उभा होता. हायवेचे दिवे, ट्रकांची रांग, वड्यांचा वास. बस आली. सात-आठ जण उतरले. लाहू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला भाऊ ओळखू येत नाहीये. एका पोराकडे बघून तो हसलाही, तो पोरगा विचित्र बघून निघून गेला. मग माकडटोपी घातलेला, गाल बसलेला, लंगडत चालणारा एक जण पुढ्यात येऊन उभा राहिला.

"काय दादा, माझं बारावं जेवलास ना? कोंबडा होता का नुसती डाळ?"

लाहूला हसू आलं आणि रडू पण. तुझ्या फोटोला अजून हार आहे म्हणाला. मिथुनने काळजीने विचारलं की फोटो कुठला लावला, आधारवरचा तर नाही ना, त्यात मी चोर दिसतो. तोच होता. दुसरा फोटो मिळालाच नव्हता.

निघाले. हायवे मागे पडला. उधव्यापर्यंत दुकानं, दिवे, शेकोट्या. मिथुन मागे बसून बोलत होता, दवाखान्यातल्या भाताला शिव्या देत होता. उधवा सोडलं आणि रस्ता काळा झाला. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मध्येमध्ये ताड, पुढे सागाचं रान. थंडी. दिव्याच्या उजेडात फक्त दहा हात रस्ता.

मिथुनने विचारलं, धनेशच्या घरी सांगितलंस का. लाहू म्हणाला, नाही. सांगेन. थोडं अंतर गेल्यावर मिथुन म्हणाला, "दादा, तू तेव्हा तोंड बघितलं होतंस ना?"

लाहूने वेग वाढवला. मिथुनने पुन्हा विचारलं नाही.

इथे आजोबा थांबले. काटकीने निखारे सारखे केले. आमच्यातल्या एकाने विचारलं, मग? आजोबा म्हणाले, मग मोरी आली.

आमच्या रस्त्यावरची ती मोरी सगळ्यांना माहीत आहे. खालून ओहळ जातो, डिसेंबरात त्यात गुडघाभर पण पाणी नसतं. तिथे मिथुन म्हणाला, पाय आखडलाय, जरा थांबव, लघवीला जाऊन येतो. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. लाहूने गाडी बंद केली. दिवा गेला. मिथुन लंगडत सागाच्या बाजूला गेला. पाय ओढल्याचा आवाज पाचोळ्यात थोडा वेळ येत राहिला. मग थांबला.

लाहू वाट बघत राहिला.

दोन मिनिटं. पाच मिनिटं.

रातकिडे ओरडत होते. ते कधी गप्प झाले ते लाहूला कळलं नाही. गप्प झाल्यावर कळलं. आणि वास आला. खाऱ्या पाण्याचा, जाळ्याचा, भिजलेल्या दोराचा. आमच्या डोंगरात समुद्राचा वास कधी येत नाही. वारं पण नव्हतं.

लाहूने हळूच "ए" केलं. उत्तर नाही. "ए भाऊ…" उत्तर नाही. त्याला वाटलं पोरगा पडला असेल, पाय पुन्हा मोडला असेल. त्याला वाटलं आई दिवा घेऊन बसली असेल. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मिथुन…"

"ओ."

सागाच्या बाजूने.

"ओ."

ओहळाच्या बाजूने.

दोन्ही एकाच वेळी. एकच आवाज. लाहूने स्वतःला सांगितलं की मोरीखालून घुमला असेल. पण घुमलेला आवाज मागाहून येतो. हे बरोबर आले होते.

मग पावलं. सागाकडून एक पाय ओढत. ओहळाकडून एक पाय ओढत. खिशातून फोन काढताना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा टॉर्च लागली.

डावीकडे मिथुन उभा होता. माकडटोपी, बसलेले गाल.

उजवीकडे मिथुन उभा होता. माकडटोपी, बसलेले गाल.

लाहूने उजेड याच्यावर टाकला, त्याच्यावर टाकला. भुवईवर बकरीने मारलेल्या शिंगाची खूण. दोघांनाही. पुढच्या दाताचा टवका. दोघांचाही. त्याला जेवढं म्हणून माहीत होतं तेवढं दोघांच्या तोंडावर होतं. आणि त्याला माहीत तरी किती होतं. बावीस वर्षं रोज बघितलेलं तोंड. घरच्या माणसाचं तोंड कोण निरखतो? ते असतंच. दारासारखं. लाहूला आपल्या भावाचे डोळे आठवेनात. मोठे का बारके, एवढंसुद्धा.

"दादा, चल ना," डावीकडचा म्हणाला.

"दादा, चल ना," उजवीकडचा म्हणाला.

दोघे एकेक पाऊल पुढे आले.

गाडीवर एकच बसणार होता. आई एकदाच नाव घेणार होती. चुकलं तर भाऊ या रस्त्यावर राहणार, कायमचा, जिवंतपणी बाहेरचा. आणि घरात… घरात दिव्यापुढे…

आजोबा म्हणाले, त्या वेळी लाहूला जे सुचलं ते हाल्या भगताने सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्याने टॉर्च उलटी फिरवली. उजेड स्वतःच्या तोंडावर धरला.

आता त्याला काहीच दिसत नव्हतं. नुसता पांढरा उजेड डोळ्यांत. दोघे कुठे आहेत, किती जवळ आलेत, काही नाही. त्याने डोळे उघडे ठेवले. ते त्याला बघत होते. त्याने विचारलं,

"मी कोण?"

पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा, जवळून.

मग डावीकडून, वैतागून, "तू कोण म्हणजे? आधारवरचा फोटो लावणारा. थंडी वाजते रे दादा, काय चाललंय तुझं?"

आणि उजवीकडून…

उजवीकडून बराच वेळ काही नाही. मग अगदी कानाशी. थंड.

"तू तोंड फिरवलंस."

लाहूला पळावंसं वाटलं, गाडी टाकून, भाऊ टाकून. तो पळाला नाही. त्याने टॉर्च उजवीकडे वळवली आणि बघितलं.

हातभर अंतरावर तोंड होतं. त्याने ते लाहूपुढे वर करून धरलं होतं, फोटो काढताना आपण धरतो तसं. मिथुनचंच तोंड. लाहू बघत राहिला तसं ते मिथुनचं राहिना. आधी दाताचा टवका गेला. मग भुवई. मग… आजोबा म्हणाले, पुढचं लाहूने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चादरीखाली जे होतं ते होतं. लाहूने मान वळवली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी पापणी मिटली नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं बघितलं. आणि बघता बघता त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी त्याला एक पोरगा दिसला. लग्नात तारप्यापुढे नाचताना हातातला हात सोडून स्वतःशीच फिरणारा. कान बाहेर आलेला.

"धनेश," लाहू म्हणाला. "तू धनेश. नवशीचा."

कुणी ओ दिली नाही.

टॉर्चच्या उजेडात रस्ता होता. डांबर, खडी, कडेचं वाळलेलं गवत. खाऱ्या पाण्याचा वास गेला. थोड्या वेळाने एक रातकिडा ओरडला, मग सगळे.

मिथुन मागून म्हणाला, कुणाशी बोलत होतास? त्याने कुणालाच बघितलं नव्हतं. लाहूने त्याला गाडीवर बसवलं आणि घरापर्यंत एका हाताने त्याचा गुडघा धरून गाडी चालवली.

सोनीबाई दाराबाहेर दिवा घेऊन उभी होती. तिने मिथुनची टोपी काढली. हनुवटी धरून दिवा डाव्या गालाकडे नेला, उजव्या गालाकडे नेला. तिने इतका वेळ लावला की मिथुनची मान दुखायला लागली. मग तिने नाव घेतलं आणि दिवा विझवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाहू नवशीकाकीकडे गेला. रात्रभर तो शब्द जुळवत होता. उंबऱ्याबाहेर उकिडवा बसून त्याने सगळं सांगितलं, विंचू, भिंत, सही, मी तोंड फिरवलं. त्याला वाटलं होतं ती अंगावर धावून येईल. तो मार खायलाच गेला होता.

नवशीकाकी सूप बाजूला ठेवून नुसती बसली. तिचे डोळे आधीच सुजलेले होते. म्हणाली, "मला काल रात्रीच कळलं." आणि आत जाऊन फडताळावरून एक फोन घेऊन आली.

तो धनेशचा मोठा फोन. समुद्राच्या पाण्याने खराब होतो म्हणून बोटीवर जाताना तो साधा बटणांचा फोन न्यायचा आणि हा आईकडे ठेवायचा. हा त्याचा चेहरा बघूनच उघडायचा. नवशीकाकीने तो चार महिने रोज चार्ज केला. पाड्यावरच्या सगळ्या पोरांनी नंबर टाकून बघितले. तलासरीला दुकानात नेला तर तिथला पोरगा म्हणाला, मावशी, उघडतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल, त्यापेक्षा तो येऊ दे, त्याचं तोंड दाखवलं की लगेच उघडेल. तिने पुसू दिला नाही. परत आणून फडताळावर ठेवला.

सोळा तारखेच्या रात्री ती लवकर पडली होती. अंधारात खोली एकदम उजळली म्हणून जाग आली. फडताळावर फोनचा दिवा लागला होता. दार आतून बंद होतं. घरात ती एकटी.

फोन उघडा होता.

आजोबांनी गोष्ट इथेच संपवली, शेकोटीवर पाणी ओतलं आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. आम्ही चौघे एकमेकांचे हात धरून गेलो आणि वाटेत कुणी कुणाला नावाने हाक मारली नाही.

पण आजोबांना एक माहीत नाही. तो फोन मी हातात घेतला आहे. नवशीकाकीने मला वाचून दाखवायला बोलावलं होतं, कारण मी कुणाला सांगत नाही हे तिला माहीत आहे. त्यात फोटो होते, सगळ्यात शेवटचा सोळा डिसेंबरचा होता, आठ वाजून अडतीस मिनिटांचा. नवशीकाकीचा झोपलेला चेहरा. फक्त चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, खूप जवळून. तिने विचारलं, काय आहे गं शेवटी? मी म्हणाले, तुझा फोटो आहे काकी. ती म्हणाली, मी तर झोपले होते, काढला कुणी? मी फोन पालथा ठेवला. कारण फोटोत तिच्या उशीवर, गालाच्या अगदी बाजूला, आणखी एक चेहरा टेकलेला होता, कान बाहेर आलेला.

आई हाक मारतेय, प्रगती, बाहेर ये म्हणून. नवशीकाकी आलीय म्हणते, फोन हातात घेऊन, आणि म्हणतेय की आत्ता पुन्हा तो आपोआप उघडला.